मुंगीची पाठ

बाजाराच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या आणि बंद पडलेल्या छापखान्याच्या मधोमध, सोफावालीचं दुकान आहे. पाटीवर 'गाद्या, सोफे, गाडीचे सीट' असं लिहिलंय, पण पाटी कुणी वाचत नाही. सोफावाली म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. त्यांना मुलगा नव्हता, आणि मुलीला बाहुल्यांपेक्षा हातोडीचं वेड जास्त. शाळेतून आली की दप्तर फेकायची, तोंडात चार चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायची आणि वडिलांच्या शेजारी खुर्चीची बैठक ताणायला बसायची. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "बाकीच्यांच्या पोरी चुका करतात, माझी चुका मारते." हा विनोद त्यांनी आयुष्यभर पुरवला.

म्हातारा हाताचा सरळ आणि मानेचा ताठ. गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेला तर पाणीसुद्धा पीत नसे. घेतलं की मिंधेपण येतं, असं त्याचं म्हणणं. मुलीनं त्याचा धंदा उचलला तशी ती मानही उचलली. पुढं जे झालं त्यात त्या मानेचा वाटा मोठा आहे.

तिचं लग्न झालं ते सैन्यातल्या एका वायरलेसवाल्याशी. छावणीतल्या ट्रकांच्या सीटचं काम दुकानाला मिळालं होतं, तेव्हा हा पोरगा सीट उतरवून द्यायला यायचा. सडपातळ, लांब मानेचा, बोलायला सावकाश. सतत खरखरणाऱ्या यंत्रावर बोलून बोलून त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय लागलेली. "उद्या येतो, उद्या येतो," म्हणायचा आणि खरंच यायचा. तिला हसू यायचं. हसता हसता लग्न ठरलं.

छावणीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. दाराला हिरवा रंग, खिडकीतून परेडचं मैदान दिसायचं. मुलगी झाली तीही लष्कराच्या दवाखान्यात. एवढीशी होती, आणि रांगायला लागल्यापासून कायम कुठंतरी निघालेली असायची, म्हणून बापानं तिचं नाव मुंगी पाडलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नसे.

मग बदल्या सुरू झाल्या. कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी तो वर्ष वर्ष राहायचा. सुट्टीवर आला की पाहुण्यासारखा वागायचा, टॉवेल कुठं आहे ते विचारायचा. मुंगी सात वर्षांची असताना तो असाच आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मुंगी शाळेत गेल्यावर, त्यानं सांगून टाकलं की तिकडं एक शिक्षिका आहे, आणि आता मागं फिरणं त्याला जमणार नाही. ही गोष्ट मात्र त्यानं एकदाच सांगितली.

तिनं आदळआपट केली नाही. भांडी घासून पालथी घातली, हात पुसले आणि म्हणाली, "मग कागद करून टाकू." घटस्फोट झाला तो असा, आवाज न होता. गल्लीतल्या बायकांना तर बरेच दिवस वाटत होतं की ती माहेरी दुकान सांभाळायला आली आहे.

क्वार्टर सोडायच्या आधी छावणीच्या कल्याण कचेरीत जाऊन घरच्यांची ओळखकार्डं दाखवावी लागायची. तिथं एक वयस्क कारकूनबाई होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, समोर थंड झालेला चहा. त्यांनी सोफावालीचं कार्ड घेतलं, त्यावर शिक्का मारला आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. सोफावालीनं मुंगीचंही कार्ड पुढं सरकवलं.

"हे राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमचं नातं मिटलं, तिचं नाही मिटलेलं. दवाखाना, शाळा, पुढं कॉलेजची मदत, सगळं तिला मिळणार. ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत. फक्त मधूनमधून तिला आणून फोटो बदलून न्यायचा."

"नको आम्हाला त्यांचं काही."

"अहो, हे त्यांचं नाहीच. पोरीचं आहे."

सोफावालीनं ऐकलं, पण ते कानातच राहिलं, आत गेलं नाही. त्या दिवशी तिला एकच दिसत होतं: त्या दवाखान्याच्या ओट्यावर, त्या शाळेच्या फाटकात, जिथं तिथं 'कुणाची कोण' हे आधी सांगावं लागणार. आणि दर वेळी त्याचं नाव घ्यावं लागणार. तिनं कार्ड टेबलावर तसंच ठेवलं आणि उठली. बाई मागून काहीतरी म्हणाल्या, पण ती जिना उतरली होती.

घरी येऊन वडिलांना सांगितलं तेव्हा म्हातारा खूश झाला. "शाबास," म्हणाला. "आपलं पोर आपण वाढवू." त्याला काय माहीत होतं म्हणा. आणि तिला तरी.

खर्चाला मुंगीचा बाप जे पाठवायचा ते कोर्टाच्या हुकमाचं, म्हणून ती घ्यायची. त्यापलीकडं काही नाही. मुंगीला छावणीच्या शाळेतून काढून बाजारातल्या शाळेत घातलं. जुन्या मैत्रिणींची बस रोज सकाळी चौकातून जायची, आणि मुंगी बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायची. एकदा तिनं विचारलं की त्या सगळ्या छावणीच्या तलावावर पोहायला जातात, मग मी का नाही. आईनं सांगितलं, आपण आता तिथले नाही. पोरीनं पुन्हा विचारलं नाही. मुंगीचा स्वभावच तसा, वाटेत अडथळा आला की बाजूनं निघून जायचं.

बाप दर रविवारी फोन करायचा. आधी मुंगीशी बोलायचा, मग दोन मिनिटं आईशी. त्याला काय हाक मारायची हा तिच्यापुढं प्रश्नच होता. 'अहो' म्हणणं जमेना, नाव कधी घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ती सरळ 'हां, बोला' म्हणायची.

"सगळं ठीक आहे ना, ठीक आहे ना?"

"हो."

"दवाखान्यात नेतेस ना? आपल्या?"

"हो."

हे 'हो' तिनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. पोरीला सर्दीखोकल्यापलीकडं काही होत नव्हतं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं ती नेतच होती. दवाखाना तो दवाखाना. कार्ड परत केलं हे सांगितलं असतं तर वाद झाला असता आणि वादात त्याचा आवाज ऐकावा लागला असता. एका 'हो'नं फोन लवकर संपायचा.

मुंगी अकरा-बारा वर्षांची झाली आणि उंच व्हायला लागली. त्या वर्षी सोफावालीला एका गोष्टीनं हैराण केलं. शाळेच्या फ्रॉकची खालची कड एका बाजूला उतरायची. तिनं उसवून पुन्हा शिवली. पुन्हा तेच. तिला वाटलं, म्हातारपण आलं की काय आपल्या हाताला. नवा फ्रॉक शिवला, कापड नीट बेतून. तोही उतरला. मग एका दुपारी मुंगी पातळ बनियनवर, वाकून फोमचे तुकडे गोळा करत होती आणि आईची नजर तिच्या पाठीवर गेली. पाठीचा उजवा भाग वर आला होता, एका बाजूला जास्त कापूस भरलेल्या उशीसारखा. वाकडं कापड नव्हतंच.

तिनं पोरीला सरळ उभं केलं, मागून बघितलं, पुन्हा वाकायला लावलं. मुंगीला वाटलं खेळ चाललाय.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं आणि गंभीर झाले. कणा वाकतोय, म्हणाले. मुलं वाढताना कधीकधी होतं, पण वाढ चालू आहे तोवरच त्याला धरता येतं, उशीर करू नका. लष्कराच्या दवाखान्यात मुलांच्या कण्याच्या एक डॉक्टर बसतात, त्यांच्या हाताला गुण आहे. "तुमचे मिस्टर सैन्यात आहेत ना?"

"होते," ती म्हणाली. "आता आमचं कुणी नाही तिथं."

डॉक्टरांनी जास्त विचारलं नाही. त्यांनी मोठ्या सरकारी इस्पितळाची चिठ्ठी दिली.

त्या इस्पितळाचा उंबरठा तिनं किती झिजवला ते तिलाच ठाऊक. पहिल्यांदा गेली तर हाडाचे मोठे डॉक्टर रजेवर. दुसऱ्यांदा एक्स-रेचं यंत्र बंद. मग तारीख मिळाली ती चार महिन्यांपुढची. तोवर ते डॉक्टर बदलून गेले आणि नव्या डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून मागितलं. लोक वाईट नव्हते. रांगच एवढी होती की माणूस तिच्यात विरघळून जायचा. दुकान बंद ठेवून ती बाकावर बसायची आणि शेजारी मुंगी पुस्तक वाचायची, एका कुशीवर कलून. आई म्हणायची, सरळ बस. मुंगी म्हणायची, सरळच बसलेय.

त्या दिवसांत छावणी तिच्या मनात आली नाही असं नाही. इस्पितळातून परतताना बस छावणीच्या फाटकावरूनच जायची. एकदा ती त्या थांब्यावर उतरलीही. फाटकावरच्या शिपायाला विचारायचं म्हणून चार पावलं गेली. मग त्याला काय सांगायचं, कुणाची कोण, हे जुळवता येईना आणि ती पोरीचा हात धरून पुढच्या बसमध्ये चढली. मुंगीनं विचारलं, इथं का उतरलो होतो? ती म्हणाली, चुकून.

वर्ष उलटून वर काही महिने गेले, तेव्हा एकदाचं ते कवच हातात आलं. डॉक्टर त्याला ब्रेस म्हणायचे. कमरेपासून काखेपर्यंत कडक प्लास्टिक, मागं पट्टे. माप नीट बसलेलं नव्हतं. मुंगीच्या काखेत आणि कमरेवर लाल वळ उठायचे. सोफावालीनं त्या कवचाचं अस्तर उसवून काढलं आणि आपल्या हातानं नवं घातलं, मऊ फोम, वर सुती कापड, कडेला बारीक पायपिंग. उभ्या आयुष्यात तिनं इतकं सफाईचं काम केलं नव्हतं. मुंगी म्हणाली, आई, मी सोफा झाले. दोघी हसल्या. आई आत जाऊन बराच वेळ कात्री शोधत राहिली.

बाप सुट्टीवर आला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. दीड-दोन वर्षांनी पहिल्यांदाच. फोनवर त्याला पाठीचं औषध चालू आहे एवढंच कळलं होतं. नेहमीप्रमाणे चौकात थांबला, मुंगी धावत गेली आणि त्यानं तिला कवेत घेतलं. त्याचा हात प्लास्टिकवर आपटला.

तासाभरानं तो दुकानात आला. मुंगीला टायरवाल्याच्या मुलीकडं खेळायला पाठवलं होतं. सोफावाली एका उघड्या कोचाच्या स्प्रिंगा दोरीनं बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"आपल्या दवाखान्यात हे असलं ब्रेस देत नाहीत," तो म्हणाला. "असलं देत नाहीत."

तिनं स्प्रिंगेला आणखी एक गाठ मारली.

"कुठं नेतेस तिला?"

तिनं सांगितलं. मग एकातून एक सगळंच बाहेर आलं. कार्ड टेबलावर ठेवून आले ते, फोनवरचं 'हो', फाटकापर्यंत जाऊन परतलेली ती दुपार. ती सांगत होती आणि हातातली दोरी ओढत होती, इतकी की बोटावर रक्त साकळलं. तिची तयारी होती. तो ओरडला असता तर तिच्याकडंही उत्तरं होती, सहा वर्षं साठवलेली, एकापेक्षा एक धारदार. कोण कुणाला सोडून गेलं, इथपासून.

तो ओरडला नाही. समोरच्या अर्धवट कोचाच्या लाकडी चौकटीवर टेकला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"मी दर वर्षी कचेरीच्या फॉर्मवर तिचं नाव लिहून देत होतो," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, निदान तेवढं तरी तिच्याजवळ आहे."

तिनं ओढून धरलेली दोरी सोडून दिली.

दोनच दिवसांत कार्ड झालं. कल्याण कचेरीत आता त्या जुन्या बाई नव्हत्या, एक तरुण मुलगा होता. त्यानं मुंगीला खुर्चीवर बसवलं, हनुवटी वर कर म्हणाला, फोटो काढला आणि कार्ड हातात दिलं. सगळं पाणी पिण्याइतक्या वेळात. एवढी वर्षं कार्ड का नव्हतं, हे त्यानं विचारलंच नाही. कुणीतरी विचारावं, कुणीतरी चांगलं खडसावावं, असं सोफावालीला फार वाटत होतं. मुलगा म्हणाला, "पुढचे या."

कण्याच्या डॉक्टर बुटक्या, पिकल्या केसांच्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दोन्ही एक्स-रे काचेवर लावले, जुना आणि नवा, आणि पट्टीनं मापलं. वाढ संपत आली आहे, म्हणाल्या. उरलेल्या काळात नवं ब्रेस घालू, व्यायाम देऊ, पोहायला लावू. वाकलंय ते इथंच थांबेल अशी आशा आहे.

"सरळ होणार नाही?" सोफावालीनं विचारलं.

"नाही. आधी आला असतात तर इतकं वाकू दिलं नसतं." त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि आवाज थोडा खाली आणला. "शस्त्रक्रिया करावी लागेल इतकं वाईट नाही. जगायला अडचण येणार नाही तिला. पाठ दुखेल मात्र."

ब्रेसचं माप घ्यायला मुंगीला आत नेलं, तेव्हा ही दोघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसली. मधे एका माणसाची जागा सोडून. याच व्हरांड्यात, मुंगी झाली त्या दिवशी, तो येरझारा घालत होता. आता भिंतीचा रंग बदलला होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. तोंडातून निघायला जड गेलं, पण निघालं.

"माझंही," तो म्हणाला. "तू हो म्हणायचीस ना, मला बरं वाटायचं. मग यायला नको, बघायला नको. हो ऐकलं की माझं काम झालं." आणि थोड्या वेळानं, "एकदा कार्ड दाखव म्हणायला काय जात होतं माझं."

त्याचं खरं होतं, आणि त्यानं तिचं ओझं काही हलकं झालं नाही. चूक वाटून घेतली तरी अर्धी होत नाही, हे तिला त्या बाकावर कळलं.

पुढं मुंगीनं त्या कार्डाचा कण न् कण वापरला. छावणीच्या तलावावर पोहायला जायला लागली, आणि तिथं जुन्या मैत्रिणी भेटल्या त्या आता उंच झाल्या होत्या, तिला पोहण्यात मागं टाकायच्या. व्यायामाच्या खोलीतल्या ताई तिच्या ओळखीच्या झाल्या. सैनिकांच्या मुलांसाठीच्या मदतीतून कॉलेजचं शिक्षण झालं. पाठ डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथंच थांबली. कपड्यांतून पटकन कळत नाही. आई तिच्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यात आतून एक पातळ घडी घालून देते. मापायची गरज पडत नाही, हाताला माहीत आहे.

एकदाच मुंगी बोलली. एकोणीस वर्षांची होती. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मैत्रिणींनी सारखे, मागून खोल गळ्याचे ड्रेस घ्यायचे ठरवले होते आणि ती आरशासमोर तो घालून उभी होती. आई मागून म्हणाली, यावर एक जाकीट शिवून देते, छान दिसेल. मुंगीनं आरशातूनच तिच्याकडं बघितलं.

"भांडण तुमचं होतं आई. पाठ माझी होती."

आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. ड्रेस काढून नीट घडी केली आणि परत देऊन आली. संध्याकाळी जेवताना परीक्षेविषयी बोलली, जणू काही झालंच नव्हतं. सोफावालीनं ताटं उचलली. म्हातारा तोवर गेला होता, नाहीतर तिनं त्याला विचारलं असतं, की बाबा, त्या दिवशी शाबास का म्हणालात? पण शाबासकी त्यांनी दिली तरी कार्ड टेबलावर ठेवणारा हात तिचाच होता, हेही ती जाणून आहे. रात्रंदिवस तेच घोकत बसणारी बाई ती नव्हे, दुकान चालवायचं असतं. पण काम करता करता मधेच हात थांबतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, बाई हिशेब करत आहेत.

मुंगी आता एका प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर उंच स्टुलावर बसून काचेच्या नळ्यांकडं बघायचं काम. शनिवारपर्यंत पाठ अगदी धरते. बाप निवृत्त होऊन दूरच्या गावी राहतो, त्या शिक्षिकेबरोबर. अजून रविवारी फोन करतो, अजून दोनदा विचारतो. फोनवर सोफावाली आता एका शब्दात उत्तर देत नाही. मुंगीला काय झालं, काय नाही, कोणती गोळी चालू आहे, सगळं सविस्तर सांगते. त्याला ऐकताना कंटाळा येत असेल तरी सांगते.

रविवारी मुंगी घरी येते. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं. ती जमिनीवर उरलेल्या फोमची लादी टाकते आणि पालथी पडते. आई शेजारी बसून तिची पाठ दाबते. एरवी स्प्रिंगा ओढणारी ती राठ बोटं, पण कुठं जोर द्यायचा आणि कुठं नाही, हे त्यांना बरोबर समजतं. गेल्या रविवारी असंच चाललं होतं. मुंगी एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होती, ज्याला जांभळ्या मखमलीचा सोफा हवा होता आणि वर प्लास्टिकचं कव्हरही. आई हसली, आणि हसता हसता, कोण जाणे कसं, तिच्या तोंडून निघून गेलं.

"मुंगे, मी चुकले गं तेव्हा."

इतक्या वर्षांत हे तिनं मुंगीच्या बापाला सांगितलं होतं. पोरीला कधी नाही.

मुंगी तशीच पालथी पडून होती. तिचा गाल फोमवर दाबलेला होता.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "जरा डावीकडं दाब. हां, तिथं."